तेलाच्या वॅगनखालचा डबा

रेल्वेच्या इस्पितळात नर्स म्हणून उभा जन्म काढलेल्या यमुनाबाई मेश्रामांना कोणी रागीट म्हणत नसे. डॉक्टर खेकसले, पेशंटचे नातेवाईक अंगावर धावून आले, तरी बाई हातातलं काम पुरं करत आणि मग ओठ घट्ट मिटून चहा प्यायला जात. नवरा गुलाबराव मालगाडीचे ड्रायव्हर. लग्नानंतर दोघं नागपुरातल्या अजनीहून कोट्याला आले, कोट्याहून जयपूरला. बदल्या थांबल्या तेव्हा गोपालपुरा बायपासच्या मागे दोन खोल्यांवर दोन खोल्या चढवून ते कायमचे इथलेच झाले. वर कोचिंगची पोरं भाड्यानं राहतात, खाली हे दोघं. घरात अजून नागपुरी मराठी चालते. भाजीवाल्याशी बोलता बोलता शिरलेला ‘मतलब’ मात्र आता बाहेर निघायला तयार नाही.

मुलगी मयूरी आईसारखीच नर्स झाली आणि आयर्लंडला गेली. निवृत्तीनंतर यमुनाबाई तिच्याकडे राहायला गेल्या, तेव्हा पोरीनं आईच्या हातात मोबाइल दिला आणि एका जुन्या दगडी भिंतीपाशी नेऊन म्हणाली, “शोध आता.” काय शोधायचं, तर डबा. जगभर लोक असे लहान लहान डबे लपवतात, जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतात, दुसरे येऊन ते हुडकतात, आतल्या चिटोऱ्यावर नाव लिहितात, एखादी चिमुकली वस्तू घेतात, एखादी ठेवतात आणि डबा होता तिथे परत सारून देतात. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. यमुनाबाईंना भिंतीच्या सांध्यात बोटभर डबी सापडली आणि त्या भर रस्त्यात टाळ्या वाजवून हसल्या. मयूरीनं आईला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

जयपूरला परत आल्यावर त्यांनी हा नाद सोडला नाही. इथे डबे थोडेच. किल्ल्यांच्या आसपास परदेशी पाहुण्यांनी ठेवलेले, त्यातले निम्मे माकडांनी पळवलेले. मग त्यांच्या मनात आलं, आपणच एक ठेवावा. जागाही लगेच सुचली. टोंक रोडवर, चाकसू गावाच्या अलीकडे, एका खाजगी ट्रस्टचं तेल संग्रहालय आहे. बाडमेरच्या वाळूखाली तेल कसं शोधलं, किती विहिरी कोरड्या गेल्या, लोकांनी कसं हसण्यावारी नेलं आणि शेवटी तेल कसं लागलं, ते सगळं तिथे मांडून ठेवलंय. दारातच घोड्यासारखी मान खालीवर करणारा पंप. आत काचेच्या बरणीत खरं तेल. ते तेल असं मेणचट की हिवाळ्यात बूटपॉलिशसारखं घट्ट बसून राहतं आणि उन्हाळ्यात खिडकीशी ठेवलं की आपोआप पातळ होऊन डुलायला लागतं. मागच्या अंगणात रुळाच्या तुकड्यावर तेलाची एक जुनी रिकामी वॅगन उभी आहे. गुलाबरावांनी असल्या वॅगनांच्या गाड्या फुलेरा जंक्शनपर्यंत किती नेल्या त्याला गणती नाही. ते तिथे गेले की वॅगनवर थाप मारत आणि तिच्या सावलीत बसून राहत.

यमुनाबाईंनी चोरून काही केलं नाही. तिकीट घेतलं आणि तिकीट देणाऱ्या जयंतीला विचारलं, इथले साहेब कोण? जयंती पस्तिशीची, सांगानेरकडून बसनं येणारी, सदा हसतमुख. तिनं आतून व्यवस्थापकांना बोलावलं. नीरजजी आले. यमुनाबाईंनी खिडकीपाशीच पिशवीतून डबा काढला. मुद्दाम पारदर्शक प्लास्टिकचा आणलेला, आतलं सगळं दिसेल असा. झाकण पिवळं. वर हिंदीत मोठ्या अक्षरांत चिकटवलेलं, ‘यह एक खेल है। इसमें कोई ख़तरनाक चीज़ नहीं है’, आणि खाली स्वतःचा मोबाइल नंबर. आत पेन्सिल, नावं लिहायची पट्टी, प्लास्टिकचा उंट, दोन गोट्या आणि दीक्षाभूमीवरून आणलेला निळ्या झेंड्याचा छोटा बिल्ला.

नीरजजींनी डबा हातात घेऊन उलटापालटा केला. “वाह आंटीजी, विदेशी लोग भी आएँगे इसके लिए?”

“येतात ना. मतलब, आते हैं,” यमुनाबाई म्हणाल्या.

“तो रखिए, रखिए! वैगन के नीचे रख दीजिए, बढ़िया रहेगा। और हमारे म्यूज़ियम का नाम बड़ा लिखिएगा।”

जागा त्यांनीच दाखवली. वॅगनच्या चाकामागे लोखंडाचा एक खोबणीसारखा कप्पा होता, डबा त्यात नेमका बसला. जयंतीही खिडकी सोडून बघायला आली होती. हिवाळाभर माणसं आली. बंगळूरचा एक मुलगा, एक जर्मन जोडपं, जयपूरच्याच आदर्श नगरातलं एक अख्खं कुटुंब. कोणीतरी डबा शोधला की यमुनाबाईंच्या मोबाइलवर निरोप यायचा, आणि त्या गुलाबरावांना मोठ्यानं वाचून दाखवायच्या. गुलाबराव पेपरातून डोकं न काढता ‘हं’ म्हणायचे. पण निरोप आला नाही असा आठवडा गेला की तेच विचारायचे, “काऊन गं, आज कोणी नाही आलं वाटते तुह्या डब्यापाशी?”

चैत्रात शीतलामातेची जत्रा आटोपली आणि ऊन तापायला लागलं. एका दुपारी जेवून उठताना गुलाबरावांनी मोबाइल पुढे केला. “हे पाह्य बरं. हा डबा कोणाचा?”

कुठल्याशा स्थानिक बातमीवाल्यानं टाकलेला व्हिडिओ होता. ‘तेल संग्रहालयात संशयास्पद वस्तू, मोठा अनर्थ टळला.’ लांबून काढलेलं चित्र हलत होतं, पण वॅगन ओळखू आली. जाड कपड्यातला बॉम्बपथकाचा एक माणूस दोरीनं काहीतरी ओढत होता. मग फट्कन आवाज झाला आणि पाण्याच्या फवाऱ्यात एक पिवळं झाकण उडालेलं दिसलं. आवाज सांगत होता की कोणा बड्या पाहुण्यांची भेट सुरू असताना नव्या पहारेकऱ्याला हे दिसलं, सगळ्यांना धावत बाहेर काढलं, त्यात एक महिला कर्मचारी पडून जखमी झाली.

यमुनाबाईंनी व्हिडिओ पुन्हा लावला. नंबर लिहिलेला होता त्यावर. कोणी एक फोन केला नाही. बरं, पहारेकरी नवा, पोलिसांना काय ठाऊक, ते काही चुकले नाहीत. २००८ साली शहरात स्फोट झाले, त्यानंतरचे कित्येक दिवस यमुनाबाईंनी ड्रेसिंगच्या खोलीत काढले होते. बेवारशी डबा दिसल्यावर जयपूरच्या माणसाच्या पोटात काय होतं हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. पण नीरजजी? नीरजजी तर तिथेच असणार. त्यांना ठाऊक होतं की तो डबा काय आहे.

“साडी बदलते,” त्या म्हणाल्या. “आपण ठाण्यात जाऊ. डबा माहा आहे, मीच सांगते जाऊन.”

“आपण होऊन कशाले जाते म्हणतो मी—”

“मंग काय घरात लपून बसू?”

ठाण्यात नीरजजी बसलेलेच होते, जबाब द्यायला आलेले. त्यांना पाहून यमुनाबाईंना हायसं वाटलं. हात जोडून त्या म्हणाल्या, “नीरजजी, अच्छा हुआ आप यहीं हैं। बताइए ना इनको।”

नीरजजींनी मोबाइलमध्ये नजर घातली. “मैंने तो मना किया था,” ते ठाणेदाराकडे बघून म्हणाले. “इनको साफ़ बोला था कि ये सब यहाँ नहीं चलेगा। बाद में चुपके से रख गई होंगी।”

यमुनाबाईंना क्षणभर वाटलं, आपलंच हिंदी कच्चं, आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी गुलाबरावांकडे पाहिलं. गुलाबराव जमिनीकडे बघत होते.

“आप ने जगह दिखाई थी मुझे!” यमुनाबाईंचा आवाज चढला. “अपने हाथ से!”

ठाणेदार माणूस वाईट नव्हता. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं. मग नाव विचारलं, गाव विचारलं. मेश्राम म्हटल्यावर पेन थांबलं. “ये मेश्राम कौन होते हैं?” टेबलावर कागदात डब्याचे तुकडे ठेवले होते, उंटाचं डोकं वेगळं झालेलं. त्यानं पेनाच्या टोकानं निळा बिल्ला बाजूला सरकवला. “और ये? किस संगठन का है?”

यमुनाबाई उत्तर देणार, तोच नीरजजी हसले. अगदी सहज, बसच्या रांगेत शेजारच्याशी बोलावं तसं म्हणाले, “अरे साहब, इन लोगों को तो हर जगह अपना झंडा गाड़ना होता है।”

ठाणेदारानं खाली मान घालून कागदावर काहीतरी लिहिलं. पंखा कुरकुरत होता. यमुनाबाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या, हात थंड पडले. नर्स म्हणून त्या ओळखत होत्या, अशा वेळी शरीरात काय होतं. पण ओळखून ते थोडंच थांबतं?

ठाणेदारानं कागद पुढे केला. माफीनामा होता. परवानगीशिवाय डबा ठेवला, त्यामुळे लोकांना त्रास झाला, याचा खेद आहे, पुन्हा असं करणार नाही. “आंटीजी, साइन करिए और घर जाइए। कोई केस-वेस नहीं बनाएँगे।”

“बिना पूछे नहीं रखा मैंने।”

“अरे, औपचारिकता है।”

“कर ना सही, यमुना,” गुलाबराव हळूच म्हणाले. “चाल घरी.”

यमुनाबाईंनी पेन उचललं, टोपण लावलं आणि ठाणेदाराच्या पुढ्यात ठेवलं. “डबा मेरा है, ये मैं लिखकर देती हूँ। लोगों को तकलीफ़ हुई, उसका दुख है, वो भी लिखती हूँ। लेकिन बिना पूछे रखा, ये झूठ है। झूठ के नीचे मैं साइन नहीं करती।”

तो कागद तसाच राहिला. ठाणेदारानं सुस्कारा टाकून त्यांना जायला सांगितलं. काही लागलं तर बोलावू म्हणाला.

घरी आल्यावर यमुनाबाईंनी कुकर लावला आणि लावता लावता भांडं आपटलं. गुलाबराव स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. “एवढं काय मनाले लावून घेते? एक सही तं होती.”

“तुम्ही काही बोलले काऊन नाही? तो माणूस असं म्हणते, अन तुम्ही फरशी पाहून राहिले?”

“काय बोलू? बोलून काय होते?”

“न बोलून काय झालं इतक्या वर्षांत?”

खाटेवर टेकत गुलाबरावांनी एक गोष्ट सांगितली, इतक्या वर्षांत घरात कधी न सांगितलेली. कोट्याला असताना ड्युटीवरून उतरलं की ड्रायव्हर लोक रनिंग रूममध्ये जेवत. आडनाव कळल्यावर काही दिवसांतच त्यांच्या लक्षात आलं, आपलं ताट रोज तेच येतं, कडेला टवका उडालेलं, आणि ते धुऊन वेगळ्या फळीवर जातं. ते कोणाला काही बोलले नाहीत. घरून स्टीलचं ताट आणायला लागले. “तू विचारलं होतं, ताट काऊन नेता म्हणून. मी म्हटलं, तिथले ताटं खराब असतात. तुले पटलं होतं.”

यमुनाबाईंना ते ताट आठवलं. तेच तर त्या घासून, पुसून, फडक्यात बांधून द्यायच्या. आनंदानं द्यायच्या, आपला नवरा स्वच्छतेचा भोक्ता म्हणून. त्यांनी गॅस बंद केला. नवऱ्याची कीव यावी तर येईना. संतापच आला, नीरजजींचा, त्या रनिंग रूमचा, आणि थोडा या भल्या माणसाचाही.

“आता तं मी सोडतच नाही त्याले,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच बस धरून संग्रहालयात गेल्या. माणसासारखं माणसाशी बोलायचं, विचारायचं की बाबा तू असं का बोललास, एवढंच ठरवून गेल्या होत्या. फाटकावरच नव्या पहारेकऱ्यानं आडवा हात केला. “आप नहीं जा सकतीं।”

“क्यों?”

त्यानं तिकीट खिडकीकडे बोट दाखवलं. काचेवर आतून कागद चिकटवला होता. त्यावर यमुनाबाईंचा फोटो, कॅमेऱ्यातून काढलेला, डोक्यावर पदर, हातात पिशवी. खाली टाइप केलेलं, ‘इस महिला को प्रवेश न दें।’

शाळेची सहल आली होती. पोरं रांगेत उभी राहून आधी फोटोकडे आणि मग यमुनाबाईंकडे पाहत होती. एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. ज्या बाईनं आयुष्यभर लोकांच्या जखमा धुतल्या, तिचा फोटो खिसेकापूसारखा काचेवर लावलेला! यमुनाबाईंना वाटलं, मुठीनं ती काच फोडावी. त्या तशाच तरातरा खिडकीपाशी गेल्या.

आत जयंती बसली होती. उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. परवाच्या धावपळीत पडून जखमी झालेली महिला कर्मचारी ती हीच. तिनं यमुनाबाईंकडे पाहिलं आणि डाव्या हातानं उगाचच तिकिटं सारखी करायला लागली.

“जयंती, तूने सुना था ना? तेरे सामने बोले थे वो।”

जयंती मान वर करीना. यमुनाबाई आणखी काही बोलणार होत्या, कडक बोलणार होत्या, पण त्यांची नजर प्लास्टरच्या बाहेर आलेल्या बोटांवर पडली. सुजलेली, निळसर.

“उंगलियाँ हिला,” त्या म्हणाल्या.

“जी?”

“हिला उंगलियाँ. झिनझिन होती है? रात को दुखता है?” जयंतीनं मान हलवली. “प्लास्टर टाइट है। आज के आज दिखा, अभी छुट्टी ले। कल पर मत टाल, उंगलियाँ जाएँगी।”

जयंतीचे डोळे भरून आले. “छुट्टी के पैसे काट लेते हैं, आंटी,” ती एवढंच म्हणाली.

यमुनाबाईंनी फोटोकडे एकदा पाहिलं, जयंतीच्या हाताकडे पाहिलं आणि पहारेकऱ्याला म्हणाल्या, “अपने साहब को बोलो, मैं आई थी। और फिर आऊँगी।” परतीच्या बसमध्ये मात्र त्यांनी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले.

ट्रस्टच्या अध्यक्षा उत्कर्षाजी सिव्हिल लाइन्सला राहतात. यमुनाबाई तिथे गेल्या. या वेळी गुलाबराव आपण होऊन बरोबर निघाले, इस्त्रीचा शर्ट घालून. उत्कर्षाजींनी बसवलं, थंड पाणी आणि बेसनाचा लाडू दिला. बोलणं इतकं गोड की रागावलेल्या माणसानं स्वतःलाच दोष द्यावा. “हमारे यहाँ तो सबका स्वागत है। नीरज पुराना आदमी है, कुछ ग़लतफ़हमी हुई होगी।” त्यांनी नीरजजींना फोन लावून आवाज मोठा केला. नीरजजी पुन्हा तेच म्हणाले, मी मना केलं होतं.

“देखिए,” उत्कर्षाजी म्हणाल्या, “आपकी बात और उनकी बात। मैं क्या करूँ?”

“मतलब उनकी बात बड़ी?” यमुनाबाईंनी विचारलं. “और ठाणे में जो बोला, हमारे झंडे के बारे में, वो?”

“वो तो, आप लोग थोड़ा जल्दी बुरा मान जाते हैं।”

लाडू तसाच बशीत राहिला. या वेळी गुलाबराव आधी उठले.

तीन-चार दिवस यमुनाबाईंना जेवण गोड लागलं नाही. मयूरी फोनवर सांगायची, आई, ब्लडप्रेशर वाढेल, जाऊ दे ना आता. “जाऊ दे, जाऊ दे म्हणूनच इथपर्यंत आलो आपण,” असं म्हणून त्या फोन बापाकडे द्यायच्या.

मग एका संध्याकाळी दारात स्कूटर थांबली. मागून जयंती उतरली, नवरा स्कूटरवरच बसून राहिला. हाताला नवं, सैल प्लास्टर होतं. डॉक्टरनं जुनं कापून काढलं, म्हणाला, आणखी उशीर झाला असता तर बोटं कामातून गेली असती. जयंतीनं चहासुद्धा घेतला नाही. “आंटी, शनिवार को ट्रस्ट की मीटिंग वहीं म्यूज़ियम में है। आप आइए। मैं बोलूँगी।”

“नौकरीचं काय गं तुह्या?” यमुनाबाई भान विसरून मराठीतच बोलल्या. जयंतीला अर्थ कळला असावा.

“उनको मालूम था कि डिब्बे में क्या है,” ती म्हणाली. “मैं गिरी पड़ी थी, और वो मेरे बग़ल से निकलकर मेहमानों को गाड़ी में बिठा रहे थे। एक बार बोल देते कि खेल है, तो कोई भागता ही नहीं।”

शनिवारी पहारेकऱ्यानं पुन्हा हात आडवा केला. या वेळी जयंतीनंच सांगितलं, “मेरे साथ हैं,” आणि यमुनाबाई, गुलाबराव तिच्या मागून आत गेले. बरणीतलं तेल खिडकीच्या उन्हानं पातळ झालं होतं. बैठकीच्या खोलीत उत्कर्षाजी, आणखी दोन-तीन वयस्क मंडळी आणि नीरजजी होते. जयंतीनं सगळं सांगितलं. डबा कोणी हातात घेतला, जागा कोणी दाखवली, नाव मोठं लिहायला कोणी सांगितलं. आणि त्या दिवशी पहारेकरी ओरडत आला तेव्हा तिनं स्वतः नीरजजींना म्हटलं होतं, सर, तो आंटीवाला डबा आहे. नीरजजी म्हणाले होते, चुप रह.

हे शेवटचं यमुनाबाईंनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी नीरजजींकडे पाहिलं.

नीरजजींनी घसा साफ केला. “हो सकता है। इतने लोग आते हैं, सब कहाँ याद रहता है।” मग उत्कर्षाजींकडे वळून म्हणाले, “मैडम, मेहमान सामने थे। उस समय कहता कि मैंने ही रखवाया है, तो संस्था की क्या इज़्ज़त रहती?”

“और मेरी?” यमुनाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मोठा नव्हता. “मेरी इज़्ज़त किस खाते में गई?”

उत्कर्षाजींनी विषय आवरता घेतला. ठीक आहे, झालं गेलं, नीरज, सॉरी बोल आणि आटप. पण यमुनाबाई ऐकेनात. इथे बंद खोलीत नको, त्या म्हणाल्या. फोटो जिथे लावलाय तिथे. ज्यांनी पाहिला त्यांच्यासमोर. आणि फोटो यांनी स्वतःच्या हातानं काढायचा.

भर दुपारी सगळी मंडळी तिकीट खिडकीशी जमली. पहारेकरी, झाडूवाली, कॅन्टीनवाला, तिकिटाच्या रांगेतली चार माणसं. नीरजजींनी काचेवरची चिकटपट्टी नखानं खरवडली. ती पटकन निघेना. एक कोपरा फाटला. कागद हातात घेऊन ते म्हणाले, “आंटीजी, अगर आपको बुरा लगा हो तो सॉरी।”

“अगर नहीं,” यमुनाबाई म्हणाल्या. “बुरा लगा है। और क्यों लगा, वो भी बोलिए।”

नीरजजी कागदाची घडी घालत राहिले. “मैंने इजाज़त दी थी। फिर झूठ बोला।” ते थांबले.

गुलाबराव मागे उभे होते. ते पुढे आले. आयुष्यभर फरशीकडे पाहणारा तो माणूस नीरजजींच्या डोळ्यांत बघून म्हणाला, “और झंडे की बात?”

“वो भी ग़लत थी,” नीरजजी पुटपुटले.

“ज़ोर से,” गुलाबराव म्हणाले.

“ग़लत थी।”

यमुनाबाईंनी फोटो घेतला आणि तिथेच चार तुकडे करून कचऱ्याच्या डब्यात टाकला. उत्कर्षाजी मागून आल्या, खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, आता तो खेळ पुन्हा सुरू करू या, आम्ही छान डबा बनवून देऊ, आमच्या चिन्हासकट. यमुनाबाईंनी हात बाजूला केला आणि नको म्हणाल्या. घरी येऊन त्यांनी इंटरनेटवरचं त्या डब्याचं पान कायमचं बंद केलं आणि कारण म्हणून खरं तेच लिहिलं. बंगळूरच्या मुलानं, जर्मन जोडप्यानं, आदर्श नगरच्या कुटुंबानं खाली वाईट वाटल्याचं कळवलं. त्याचं बरं वाटलं, पण राग काही त्यानं उतरला नाही.

आणि उतरायचं कारणही नव्हतं. जूनमध्ये जयंतीचा फोन आला. तिचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. कारण दिलं की प्लास्टरमुळे काम नीट होत नाही. नीरजजी आहेत त्याच खुर्चीवर आहेत. यमुनाबाई तडक सिव्हिल लाइन्सला गेल्या. या वेळी उत्कर्षाजी घरी नव्हत्या, आणि दुसऱ्यांदा गेल्या तेव्हाही नव्हत्या, फाटकातून त्यांची गाडी आत उभी दिसत असली तरी.

जयंतीला यमुनाबाईंच्या गल्लीतल्याच मुलींच्या वसतिगृहात नोंदणीच्या टेबलावर काम मिळालं. ते यमुनाबाईंनीच खटपट करून मिळवून दिलं. रविवारी जयंती येते, यमुनाबाई तिच्या मनगटाला तेल लावून व्यायाम करून घेतात. “मुट्ठी बंद कर। खोल। और ज़ोर से।” जयंती म्हणते, आंटी, इथे जवळ पडतं, बस बदलावी लागत नाही, माझं बरंच झालं समजा. यमुनाबाई ऐकून घेतात आणि तिची बोटं जरा जास्तच जोरात दाबतात. बरं झालं कसं? एकानं खोटं बोलायचं, दुसरीनं खरं बोलायचं, आणि घरी बसायचं खरं बोलणारीनं?

परवा दोघी तक्रार द्यायला कामगार कार्यालयात गेल्या होत्या. गुलाबराव बाहेर झाडाखाली पाण्याची बाटली घेऊन बसले होते. टेबलामागचा माणूस भला वाटला. त्यानं सगळं ऐकलं आणि हात हलवले. “आंटीजी, ठेके की नौकरी है। इसमें कुछ नहीं मिलेगा। क्यों धूप में चक्कर काट रही हैं?”

यमुनाबाईंनी पदरानं मान पुसली, समोरची खुर्ची ओढली आणि बसल्या. जयंतीलाही शेजारी बसवलं.

“मिलेगा कि नहीं मिलेगा, वो बाद में देखेंगे,” त्या म्हणाल्या. “पहले आप लिखिए।”